अकरा कोणी निवडले, आणि कसोटी कोण खेळणार?

लंडन : गुवाहाटीची कसोटी भारतीय वेळेनुसार सकाळी नऊला सुरू होत असे, म्हणजे आमच्याकडे पहाटेचे साडेतीन. ईशान्येत सूर्य लवकर मावळतो म्हणून तेथे आधी चहापान आणि मग जेवण असा उलटा क्रम ठेवला होता. नोव्हेंबरच्या अखेरीस, हीटर अजून तापलेला नसताना, ब्लँकेट पांघरून धावफलक पाहणाऱ्या इंग्लंडमधील मराठी माणसाला या उलट्या क्रमाचे फारसे नवल वाटले नाही. त्याला नवल वाटत होते ते भारतीय डावाचे. मायदेशी, सपाट म्हणावी अशा खेळपट्टीवर, भारत ४०८ धावांनी हरला. धावांच्या हिशेबात भारताच्या कसोटी इतिहासातील हा सर्वांत मोठा पराभव.

त्या आठवड्याच्या शेवटी एका परिचितांच्या घरी जेवणाला आठ-दहा मंडळी जमली होती. कोणी बँकेत, कोणी इस्पितळात, कोणी संगणकक्षेत्रात. विषय अर्थातच एकच. साई सुदर्शनला कोलकात्यात का वगळले आणि गुवाहाटीत का घेतले? वॉशिंग्टन सुंदरला तिसऱ्या क्रमांकावर पाठवण्याची कल्पना कोणाची? सर्फराझ खानने आणखी काय करायचे राहिले आहे? एक नागपूरकर डॉक्टर हर्ष दुबेचे नाव पुन्हा पुन्हा घेत होते आणि मुंबईकर त्यांना पुन्हा पुन्हा थांबवत होते. दोन तास हा वाद चालला. शेवटी कोणीतरी विचारले, "पण दहा वर्षांनी कसोटी असेल का?" तेव्हा सगळे क्षणभर गप्प झाले आणि मग गोड आणायला उठले.

मला वाटते, दोन तास चाललेला प्रश्न आणि तो शेवटचा प्रश्न हे वेगळे नव्हेत. संघनिवडीवरचा आपला संताप हा बहुतेक वेळा कसोटीच्या भवितव्याबद्दलच्या भीतीचाच दुसरा चेहरा असतो. मात्र तो चुकीच्या पत्त्यावर पाठवला जातो.

आधी वस्तुस्थिती. २०१३ पासून ऑक्टोबर २०२४ पर्यंत भारताने मायदेशी सलग १८ कसोटी मालिका जिंकल्या. असा विक्रम दुसऱ्या कोणत्याही देशाच्या नावावर नाही. मग न्यूझीलंड आले. बंगळुरूत भारताचा डाव ४६ धावांत आटोपला. पुण्यात, गहुंजेच्या मैदानावर, मिचेल सँटनरने १३ बळी घेतले. तोवर कसोटीत एका डावात पाच बळीही त्याने कधी घेतले नव्हते. वानखेडेवर १४७ धावांचा पाठलाग करताना भारत १२१ वर गारद झाला आणि सामन्यात ११ बळी घेणारा गोलंदाज होता मुंबईत जन्मलेला एजाझ पटेल. तीन किंवा अधिक कसोटींच्या मायदेशी मालिकेत भारताने सर्व सामने गमावल्याचे ते पहिलेच उदाहरण. त्यानंतर वेस्ट इंडीजविरुद्ध दोन विजय मिळाले, आणि लगेच दक्षिण आफ्रिकेकडून ०-२. सुमारे तेरा महिन्यांत मायदेशी सात कसोटी, त्यांपैकी पाच पराभव.

या पाच पराभवांत संघ एकसारखा नव्हता. न्यूझीलंडविरुद्ध रोहित शर्मा, विराट कोहली, अश्विन होते. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिघेही निवृत्त झालेले होते. शुभमन गिल कर्णधार होता, आणि मान आखडल्यामुळे दुसऱ्या कसोटीत तोही नव्हता. म्हणजे ज्येष्ठांसह हरलो आणि ज्येष्ठांविनाही हरलो. 'अमुक एकाला घ्यायला हवे होते' हे उत्तर येथे अपुरे पडते.

निवडीच्या वादात एक साधी गोष्ट नेहमी नजरेआड होते. अजित आगरकर यांची समिती पंधरा-सोळा जणांचा चमू निवडते. त्यातील अकरा कोण खेळणार हे कर्णधार आणि प्रशिक्षक मैदानावर ठरवतात. कोलकात्यात चार फिरकीपटू खेळवणे हा गौतम गंभीर आणि गिल यांचा निर्णय होता, आणि खेळपट्टी आम्हाला हवी तशीच मिळाली, असे प्रशिक्षकांनी नंतर सांगितलेही. चमूत कोण नाही, हा आगरकरांना विचारण्याचा प्रश्न. कुलदीप यादव इंग्लंडमध्ये पाचही कसोटींत बाकावर का बसला, हा त्यांना विचारण्याचा प्रश्न नव्हे. आपण दोन्ही एकाच माणसाच्या दारात नेऊन टाकतो. (जाता जाता, निवड समितीवर मुंबईचा पगडा असल्याचा आरोप आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. आज समितीचा प्रमुख मुंबईकर आहे आणि इंग्लंड दौऱ्याच्या चमूत सर्फराझ नव्हता, श्रेयस अय्यरही नव्हता. त्या जुन्या आरोपाला आता निवृत्ती द्यायला हरकत नसावी.)

मग खरा आक्षेप कशावर घ्यावा? निवडीच्या पुराव्यावर, असे माझे मत आहे.

साई सुदर्शन २०२५ च्या आयपीएलमध्ये ७५९ धावा करून सर्वाधिक धावांचा मानकरी ठरला आणि त्याच जूनमध्ये लीड्सला त्याने कसोटी पदार्पण केले. त्याची प्रथमश्रेणी सरासरी तेव्हा चाळीसच्या आसपास होती. सर्फराझची प्रथमश्रेणी सरासरी पासष्टच्या वर. रणजीच्या दोन मोसमांत त्याने नऊशेहून अधिक धावा केल्या, तरी त्याला पदार्पणासाठी फेब्रुवारी २०२४ पर्यंत थांबावे लागले. त्याच वर्षी बंगळुरूत, पहिल्या डावात ४६ वर कोसळलेल्या संघासाठी, त्याने दुसऱ्या डावात १५० धावा केल्या. वानखेडेच्या त्या पराभवानंतर मात्र त्याने कसोटी खेळलेली नाही. मे महिन्यात कँटरबरी येथे भारत 'अ' संघाकडून त्याने ९२ धावा केल्या, पण मुख्य चमूत नाव नव्हते.

येथे सुदर्शनवर अन्याय होऊ नये. गुवाहाटीच्या शेवटच्या डावात, सामना कधीच हातचा गेलेला असताना, त्याने १३९ चेंडू खेळून १४ धावा केल्या. वीस षटकांच्या क्रिकेटमधून आलेला हा मुलगा फिरकीसमोर दोन सत्रे पाय रोवून उभा राहण्याचा प्रयत्न करत होता. त्याच्याकडे जिद्दीची वाण नाही. त्याला ज्या शाळेत हे शिकायला हवे होते, त्या शाळेत त्याचा पुरेसा वेळ गेला नाही, इतकेच. आणि त्या शाळेत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला पुढच्या वर्गात जागा मिळत नाही, हे आता गल्लीतल्या मुलालाही कळले आहे.

नागपूरकर डॉक्टरांच्या आग्रहाचे मूळ हेच होते. २०२४-२५ च्या रणजी मोसमात विदर्भाचा डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबे याने ६९ बळी घेतले. एका रणजी मोसमातील हा उच्चांक आहे. उपांत्य फेरीत विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवले आणि अंतिम सामन्यात केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक जिंकला. दुबेला भारत 'अ' संघात संधी मिळाली, कसोटीत अजून नाही. जडेजा, अक्षर, कुलदीप आणि वॉशिंग्टन रांगेत असताना पाचव्या फिरकीपटूला जागा कोठून मिळणार, हा युक्तिवाद खोटा नाही. पण त्याच संघातून ८६३ धावा करणाऱ्या करुण नायरला आठ वर्षांनी पुनरागमनाची संधी मिळाली, इंग्लंडमध्ये त्याला चार कसोटींत एकच अर्धशतक करता आले आणि दौरा संपताच त्याचे दार बंद झाले. रणजीतील धावांना अखेर मान मिळाला, तो असा, एका दौऱ्यापुरता.

आता सायमन हार्मरकडे पाहू. दोन कसोटींत १७ बळी घेऊन त्याने ही मालिका जिंकून दिली. २००० नंतर दक्षिण आफ्रिकेने भारतात मिळवलेले हे पहिले मालिकायश. तेही कागिसो रबाडाविना. हार्मर २०१५ मध्ये भारतात आला होता, मोहाली आणि नागपूरला खेळला होता आणि नंतर संघाबाहेर गेला. पुढच्या वर्षी तो मुंबईत उमेश पटवाल या प्रशिक्षकांकडे फिरकी शिकायला आला. २०१७ मध्ये तो कोलपॅक कराराने एसेक्सला गेला आणि चेम्सफर्डच्या मैदानावर, आपल्यापैकी अनेकांच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, वर्षानुवर्षे चार दिवसांचे क्रिकेट खेळत राहिला. २०१७ च्या कौंटी हंगामात त्याने ७२ बळी घेतले, २०१९ मध्ये ८३. दोन्ही वर्षी एसेक्स विजेते. ब्रेक्झिटमुळे कोलपॅकची वाट बंद झाली आणि तो पुन्हा आपल्या देशाकडून खेळू लागला. या ऑक्टोबरमध्ये त्याचे प्रथमश्रेणीतील हजार बळी पूर्ण झाले. ईडन गार्डन्सवर तो उतरला तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता आणि भारतीय फलंदाजांना एकत्रितपणे ठाऊक नसेल इतके फिरकीचे गणित त्याला ठाऊक होते.

भारताला भारतात हरवण्याची विद्या एका परदेशी गोलंदाजाने मुंबईत आणि इंग्लिश कौंटीत घेतली, आणि ती विद्या ज्यांच्याकडे परंपरेने असायची ते फलंदाज मात्र ती घेण्याच्या जागी दिसत नाहीत. गेल्या जानेवारीत नियामक मंडळाने देशांतर्गत क्रिकेट सक्तीचे केले तेव्हा रोहित मुंबईकडून बीकेसीच्या मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्ध खेळला. त्याआधीचा त्याचा रणजी सामना २०१५ चा. कोहली दिल्लीकडून रेल्वेविरुद्ध खेळला. त्याचा त्याआधीचा २०१२ चा. दिल्लीत त्याला पाहायला हजारो लोक लोटले, तो सहा धावांवर त्रिफळाचित झाला आणि स्टेडियम रिकामे झाले. यात त्या दोघांना दोष देण्यात अर्थ नाही. वर्षाचे वेळापत्रक हातात घेऊन पाहिले तर रणजी खेळायला त्यांच्याकडे दिवसच नव्हते.

वेळापत्रकाचा हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण गेल्या उन्हाळ्यात येथे, आपल्या डोळ्यांसमोर, तो घडला. जसप्रीत बुमराह पाचपैकी तीनच कसोटी खेळणार, हे आधीच जाहीर झाले होते. लीड्सला भारत हरल्यावर आणि आठवडाभराची विश्रांती मिळाल्यावरही तो एजबॅस्टनला खेळला नाही, तेव्हा समाजमाध्यमांवर त्याच्या देशनिष्ठेपर्यंत प्रश्न गेले. (एजबॅस्टन आणि ओव्हल, भारताने जिंकलेल्या दोन्ही कसोटींत बुमराह नव्हता, हा योगायोग टीकाकारांना आणि समर्थकांना सारखाच अडचणीचा.) पण त्याला तीनच कसोटींची मर्यादा का घालावी लागली? पाठीची दुखापत हे एक कारण. दुसरे असे की, पाच कसोटी २० जून ते ४ ऑगस्ट या ४६ दिवसांत कोंबल्या होत्या. त्या ४ ऑगस्टला संपवणे भाग होते, कारण ५ ऑगस्टला लॉर्ड्सवर 'द हंड्रेड' सुरू होणार होते. आणि २० जूनच्या आधी सुरू करणे अशक्य होते, कारण आयपीएलचा अंतिम सामना ३ जूनला झाला. दोन फ्रँचायझी स्पर्धांच्या मधल्या फटीत या दशकातील एक सर्वोत्तम मालिका खेळली गेली. पाचही सामने पाचव्या दिवसापर्यंत गेले. मोहम्मद सिराजने १८५ हून अधिक षटके टाकली आणि शेवटच्या सकाळी तासाभरात सामना फिरवून भारताला सहा धावांनी विजय मिळवून दिला. ख्रिस वोक्स एक हात झोळीत बांधून फलंदाजीला आला, तेव्हा ओव्हलवर भारतीय प्रेक्षकही उभे राहून टाळ्या वाजवत होते.

त्याच ओव्हलच्या हंड्रेड संघात आता रिलायन्सची भागीदारी आहे आणि पुढच्या मोसमापासून त्याचे नाव 'एमआय लंडन' असेल. लॉर्ड्सच्या संघातील हिस्सा सिलिकॉन व्हॅलीतील ज्या गटाने घेतला, त्यात सुंदर पिचाई आणि सत्या नडेला यांची नावे सांगितली जातात. म्हणजे इंग्लंडचा ऑगस्ट कोणाचा, हे ठरवण्यात आता आपल्यासारखीच देश सोडून गेलेली, आपल्यासारखीच क्रिकेटवर वाढलेली माणसे आहेत. याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. ऑगस्टमध्ये कौंटीचे चार दिवसांचे क्रिकेट जवळजवळ थांबते, हेही त्याच वेळी लक्षात ठेवावे. पुढचा हार्मर ज्या मैदानावर घडायचा, तेथे ऐन उन्हाळ्यात, फिरकीला साथ देणाऱ्या कोरड्या खेळपट्ट्यांच्या दिवसांत, दुसरा खेळ चालू असतो.

कसोटीला प्रेक्षक उरले नाहीत, ही समजूत मला मान्य नाही. गेल्या वर्षी मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीला पाच दिवसांत ३,७३,६९१ लोक आले. ब्रॅडमनच्या काळातील १९३७ चा विक्रम मोडला. पण हे भाग्य तीन देशांचे. दक्षिण आफ्रिका आज कसोटीचा जगज्जेता आहे. जूनमध्ये लॉर्ड्सवर त्यांनी ऑस्ट्रेलियाला हरवले. या जगज्जेत्यांच्या देशात यंदाच्या उन्हाळ्यात पुरुषांची एकही कसोटी नाही. स्टेडियमांची २०२७ च्या विश्वचषकासाठी डागडुजी चालू आहे आणि जानेवारी हा त्यांच्या वीस षटकांच्या लीगचा महिना आहे. त्या लीगसाठीच २०२४ च्या आरंभी त्यांनी न्यूझीलंडला दुय्यम संघ पाठवला आणि नील ब्रँड पदार्पणातच कर्णधार झाला. अशा देशाने कसोटीची गदा जिंकावी, यात खेळाचे मोठेपण आहे. पण त्यावर विसंबून राहता येणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये शमार जोसेफच्या सात बळींनी वेस्ट इंडीजने ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाला आठ धावांनी हरवले, तेव्हा जग हळहळून आनंदले. दीड वर्षाने किंग्स्टनला तोच संघ २७ धावांत बाद झाला.

पैसा कोठे आहे, ते सर्वांना माहीत आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या सध्याच्या वाटपात भारताचा वाटा सुमारे ३८.५ टक्के आहे. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचा प्रत्येकी सहा-सात टक्के. बाकीच्यांचा त्याहून कमी. भारत हा पैसा कमावतो, हे खरे. पण ज्या संघांशी खेळून तो कमावतो ते संघ उरले पाहिजेत, हे त्याच्याच हिताचे. कसोटीचे दोन स्तर करावेत, ही सूचना मधूनमधून वर येते. वरच्या स्तरात भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया आपसात अधिक खेळतील, असा तिचा व्यवहारी अर्थ. त्या पद्धतीत दक्षिण आफ्रिकेला भारतात पाच कसोटींची मालिका मिळेल का? यंदा जगज्जेते असूनही त्यांना दोनच मिळाल्या. भारताला हरवल्यावर तिसरी कसोटी नव्हतीच, म्हणून भारताला सावरण्याची संधीही नव्हती. दोन कसोटींच्या मालिकेत संघनिवडीची एक चूकही भारी पडते. पाच कसोटींत ती दुरुस्त होते. इंग्लंडमध्ये २-२ झाले ते यामुळेच. निवडीचा वाद आणि वेळापत्रक येथे पुन्हा एकमेकांना भेटतात.

भारतीय मंडळाला कसोटीची पर्वा नाही, असे मात्र म्हणता येत नाही. कसोटीचे मानधन १५ लाख रुपये आहे, आणि मोसमातील पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक कसोटी खेळणाऱ्याला २०२४ पासून प्रत्येक सामन्यामागे आणखी ४५ लाख मिळतात. रणजीतील खेळाडूला दिवसाला ४० ते ६० हजार. या दोन आकड्यांमधले अंतर पाहावे. छपराच्या खोलीत दिवा लावला आहे, पायऱ्यांवर अंधार आहे. आयपीएलमध्ये एका सामन्याचे नुसते मानधन साडेसात लाख, लिलावातील रक्कम वेगळी. एकोणीस वर्षांच्या मुलाने कोणत्या खेळावर अधिक घाम गाळावा, हे त्याच्या आईवडिलांना विचारले तर ते काय सांगतील?

मैदानावर येणाऱ्या माणसाचीही तीच कथा. गहुंजेला गेल्या वर्षी न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत पहिल्याच दिवशी पिण्याच्या पाण्याचा तुटवडा पडला, बहुतेक सज्जे उघडे, ऑक्टोबरचे ऊन. संघटनेला प्रेक्षकांची माफी मागावी लागली. कसोटीसाठी पाचच ठरावीक केंद्रे असावीत, असे कोहलीने २०१९ मध्येच सुचवले होते. ती सूचना मला पूर्णपणे पटत नाही. गुवाहाटीलाही कसोटी पाहण्याचा हक्क आहे. पण कसोटी पाहायला येणाऱ्याला सावली आणि पाणी मिळावे, एवढी अट तरी सर्व केंद्रांना घालता आली असती.

जेवणाच्या त्या रात्री सर्वांचे एकमत झाले ते एकाच गोष्टीवर : २०२७ च्या आरंभी ऑस्ट्रेलिया भारतात पाच कसोटी खेळायला येणार आहे, तेव्हा रजा काढून जायचे. दोघांनी शाळांच्या सुट्ट्याही तपासल्या. मी मनातल्या मनात दुसरी तारीख टिपून ठेवली. रणजीचे साखळी सामने जानेवारीच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू होतील. त्या दिवसांत भारताचा एकदिवसीय आणि वीस षटकांचा कार्यक्रम भरगच्च आहे, त्यामुळे कसोटी संघातील बरेच जण तेथे नसतील. हर्ष दुबे बहुधा असेल, सर्फराझही. त्यांना पाहायला कोण जाते, ते पाहायचे आहे.